जॅझ मीट्स इंडिया : पियानो श्वायत्सर यांचा, तबला साठ्यांचा

(पॉडकास्टच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

  कुणी हेडफोन लावून सिडकोहून क्रांती चौकाकडे निघालं असेल, कुणी पुण्याच्या बसमध्ये खिडकीपाशी बसलं असेल, कुणी अभ्यासिकेत पुस्तक उघडं ठेवून हळूच आपल्याला ऐकत असेल. 

आज एकाच अल्बमबद्दल बोलायचंय. नाव ‘जॅझ मीट्स इंडिया’. साल १९६७. रेकॉर्डिंग जर्मनीत. पियानोवर स्वित्झर्लंडच्या इरेन श्वायत्सर, तेव्हा वय वर्षं २६. आणि तबल्यावर मुंबईत जन्मलेले केशव साठे, वय ३९.

आता तुम्ही म्हणाल, जॅझ आपल्याला कशाला? आपल्याकडे गाणी काय कमी आहेत? बरोबर आहे. पण माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐका. हा अल्बम कळायला जो कान लागतो, तो तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे आधीच आहे. गल्लीतल्या हरिपाठाला पखवाज ऐकला असेल, शाळेत कुणी धा धिं धिं धा शिकवलं असेल, घरात आजोबांची पेटी असेल, तर अर्धी तयारी झाली म्हणा. युरोपातल्या जॅझ रसिकांना या अल्बममधला अर्धा भाग परका होता. आपल्याला दुसरा अर्धा परका आहे. म्हणजे हिशेब सारखाच.

इरेन श्वायत्सर कोण होत्या?

जन्म २ जून १९४१, स्वित्झर्लंडमधलं शाफहाउझन हे गाव. घरचं रेस्टॉरंट होतं, तिथे बँड वाजायचे. पियानो त्या बहुतेक स्वतःच शिकल्या. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे : त्या ड्रम्ससुद्धा वाजवायच्या. त्यांचा पियानो ऐकताना हे कळतं. सुरांच्या पट्ट्यांवर बोटं फिरवण्यापेक्षा त्या कित्येकदा पियानोवर ठेका धरतात.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्या काही काळ इंग्लंडमध्ये होत्या. मग झुरिक. तिथे ‘आफ्रिकाना’ नावाचा क्लब होता. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाच्या राजवटीतून बाहेर पडलेले संगीतकार तिथे वाजवायचे. पियानोवादक डॉलर ब्रँड त्यातलेच. ड्यूक एलिंग्टन यांनी त्यांना १९६३ साली झुरिकमध्येच ऐकलं आणि त्यांचं रेकॉर्डिंग करवलं. अशा वातावरणात श्वायत्सर यांचा कान तयार झाला. दुसरीकडे अमेरिकेत सेसिल टेलर नावाचा पियानोवादक पियानोकडे ८८ ड्रम्सचा संच म्हणून बघत होता. त्याचाही त्यांच्यावर मोठा परिणाम झाला.

त्यांचा स्वतःचा तिघांचा गट होता. बासवर उली ट्रेप्टे, ड्रम्सवर मानी नॉयमायर. १९६८ साली याच दोघांनी ‘गुरू गुरू’ नावाचा जर्मन रॉक बँड काढला. नाव बघा! पण १९६७ मध्ये ते श्वायत्सर यांच्यासोबत जॅझ वाजवत होते.

आणि तो काळ लक्षात घ्या. जॅझमध्ये बाई म्हणजे गायिका, असंच धरलं जायचं. वाद्य वाजवणाऱ्या बाया कमी, स्वतःच्या नावाने गट चालवणाऱ्या त्याहून कमी, आणि मुक्त जॅझ वाजवणाऱ्या तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

ही भेट ठरवली कुणी?

योआखिम-अर्न्स्ट बेरेंट नावाचे जर्मन जॅझ समीक्षक होते. १९५३ साली त्यांनी जॅझवर लिहिलेलं पुस्तक पुढे बऱ्याच भाषांत गेलं. त्यांच्या डोक्यात एक मालिका होती : जॅझने जगातल्या वेगवेगळ्या संगीतांना भेटायचं. जपान, बाली, ट्युनिशिया, स्पेन. आणि भारत.

रेकॉर्ड काढणारी कंपनी होती ‘साबा’. मूळची रेडिओ आणि टीव्ही बनवणारी. जर्मनीच्या दक्षिणेला ब्लॅक फॉरेस्ट म्हणून जंगलाचा डोंगराळ भाग आहे, तिथल्या फिलिंगन गावात. पुढच्याच वर्षी हे लेबल ‘एमपीएस’ झालं. ऑस्कर पीटरसन यांचे जगभर गाजलेले घरगुती मैफलींचे अल्बम याच गावात, कंपनीच्या मालकाच्या दिवाणखान्यात रेकॉर्ड झाले होते.

तर ऑक्टोबर १९६७ मध्ये आठ माणसं एकत्र आली. श्वायत्सर यांचे तिघे. जर्मन ट्रंपेटवादक मानफ्रेड शूफ. फ्रेंच सॅक्सोफोनवादक बार्नी विलेन, ज्यांनी १९५७ साली माइल्स डेव्हिस यांच्यासोबत एका फ्रेंच सिनेमाचं संगीत वाजवलं होतं. आणि लंडनहून आलेले तीन भारतीय : सतार आणि गाणं दिवाण मोतीहार, तबला केशव साठे, तंबोरा कुसुम ठाकूर.

केशव साठे कुठून आले?

हा प्रश्न आपण विचारायलाच हवा, कारण दुसरं कुणी फारसं विचारत नाही.

साठे १९२८ साली मुंबईत जन्मले आणि पुढे लंडनला गेले. त्या काळात लंडनमध्ये भारतीय वादक मोजके होते, आणि सतारीची लाट आली तेव्हा त्यांना अचानक मागणी आली. यात मराठी माणूस एकटा नव्हता. बीटल्सच्या १९६६ सालच्या ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बमवर ‘लव्ह यू टू’ नावाचं गाणं आहे. त्यातला तबला अनिल भागवत यांचा. अल्बमच्या कव्हरवर त्यांचं नाव छापलेलं आहे.

साठे यांचा रस्ता मात्र पॉपकडून नाही, जॅझकडून गेला. कलकत्त्यात जन्मलेले जॉन मेयर नावाचे संगीतकार होते आणि जमैकात जन्मलेले जो हॅरियट नावाचे सॅक्सोफोनवादक. दोघांनी १९६६ साली लंडनमध्ये ‘इंडो-जॅझ सूट’ हा अल्बम केला. अर्धे वादक जॅझचे, अर्धे हिंदुस्थानी संगीताचे. त्यात सतारीवर मोतीहार होते आणि तबल्यावर साठे. म्हणजे साठे फिलिंगनला पोचले तेव्हा अशा प्रयोगाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

पण दोन्ही प्रयोगांत मोठा फरक होता. मेयर यांनी संगीत आधी लिहून काढलं होतं. कुणी कुठे थांबायचं, कुठे उचलायचं, बरंचसं कागदावर. श्वायत्सर यांच्या गटात कागदाला तेवढा मान नव्हता. तिथे समोरचा काय वाजवतोय ते ऐकायचं आणि त्याच क्षणी ठरवायचं.

अडचण नेमकी काय होती?

आता जरा तांत्रिक. पण घाबरू नका, पेटी डोळ्यासमोर आणा.

पहिली अडचण : पियानोला मींड नाही. सतारीची तार खेचली की ग वरून म पर्यंत सरकत जाता येतं, गळ्यातून तर येतंच. पियानोत प्रत्येक सुराला वेगळी पट्टी. दोन पट्ट्यांच्या मधली जागा त्याच्याकडे नाहीच. पेटीवर हाच आक्षेप घेतला गेला होता. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीस वर्षं टिकली.

दुसरी अडचण : सूर जुळण्याची. तंबोरा छेडला की षड्जाच्या तारेतून कान देणाऱ्याला गंधार आपोआप ऐकू येतो. तो निसर्गाचा गंधार. पियानोचा गंधार त्याच्यापेक्षा थोडा चढा असतो. अर्ध्या सुराचे १०० भाग केले, तर सुमारे १४ भाग चढा. कुसुम ठाकूर यांचा तंबोरा वाजतोय आणि शेजारी पियानो, म्हणजे हे दोन गंधार एकाच खोलीत.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी : कॉर्ड. जुन्या पद्धतीच्या जॅझमध्ये दर एक-दोन मापांना कॉर्ड बदलतो. म्हणजे पायाखालची जमीन सारखी सरकते, आणि त्यावर तोल सांभाळत वादक खेळतो. मजा त्यातच. आपल्याकडे उलटं. ‘सा’ हलत नाही. सगळं घर त्या एका ‘सा’वर उभं. मग सरकती जमीन आणि न हलणारा ‘सा’ एकत्र येणार कसे?

उत्तर जॅझने आपल्या गरजेतून आधीच शोधून ठेवलं होतं. १९५९ साली माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ने दाखवलं की कॉर्ड सारखे न बदलता एकाच स्वरसमूहावर बराच वेळ थांबता येतं. जॉन कोल्ट्रेन यांनी १९६१ साली तर ‘इंडिया’ नावाचीच रचना रेकॉर्ड केली. आणि मुक्त जॅझवाल्यांनी कॉर्डचा ठरलेला क्रम पार सोडूनच दिला. त्यामुळे १९६७ सालच्या श्वायत्सर एका सुरावर ठाण मांडायला तयार होत्या. वीस वर्षांपूर्वीचा जॅझ पियानोवादक असता, तर ही भेट इतकी सहज झाली नसती.

आता ऐकायचं कसं?

अल्बममध्ये तीनच ट्रॅक आहेत : ‘सन लव्ह’, ‘याद’ आणि ‘ब्रिगाख अँड गँजेस’. शोधताना अल्बमच्या नावासोबत इरेन श्वायत्सर हे नावही टाका, नाहीतर भलतंच काही समोर येईल. आणि फोनचा स्पीकर नको, हेडफोन लावा. तंबोरा स्पीकरवर मरतो.

मी सुचवेन की तीन वेळा ऐका. एका दिवसात नाही, आठवडाभरात.

पहिल्या वेळी फक्त तंबोऱ्याकडे लक्ष द्या. तो कधी ठळक आहे, कधी गर्दीत बुडतो, आणि बुडाल्यावर तुमच्या कानात ‘सा’ शिल्लक राहतो का? हा प्रश्न मनात ठेवून ऐकलं की गोंधळ वाटणारा भाग एकदम उलगडायला लागतो. ट्रंपेट आणि सॅक्सोफोन आरडाओरडा करतायत असं वाटतं, तेव्हाही ते ‘सा’च्या जवळ आहेत की लांब गेलेत, हे कळतं.

दुसऱ्या वेळी फक्त तबला. आणि इथे आपण खरे मालक! साठे यांच्यासमोर नॉयमायर यांचे ड्रम्स आहेत. दोघांची लयीची कल्पनाच वेगळी. तबलजीच्या हिशेबात आवर्तन असतं. तीनताल असेल तर सोळा मात्रा, सम येते, खाली येते, पुन्हा सम. किती लांब गेलात तरी समेला घरी यायचं. मुक्त जॅझच्या ड्रमरला घरी यायची सक्ती नाही. तो लाटा उसळवतो, रंग टाकतो, मध्येच शांत होतो. आता ऐका : ड्रम्स उसळतात तेव्हा तबला काय करतो? तो त्यांच्याशी आवाजाची शर्यत लावतो का? की आपली चाल धरून राहतो, म्हणजे बाकीच्यांना परत यायला जागा राहील? भजनात पखवाजवाला हेच करतो ना. टाळकरी कितीही रंगले तरी त्याने हात सोडायचा नाही.

तिसऱ्या वेळी पियानो. मघाशी सांगितलं होतं, श्वायत्सर ड्रम्स वाजवायच्या. मींड येत नाही ही अडचण त्यांनी कशी सोडवली बघा. त्यांनी सतारीची नक्कल करायचा नाद सोडला. पियानो मुळात आहे काय? तारांवर हातोड्या मारणारं वाद्य. मग त्याला तालवाद्य म्हणूनच वागवा! कधी छोटीशी आकृती पुन्हा पुन्हा, कधी शेजारशेजारच्या पट्ट्यांचा एकदम ठोका. म्हणजे पियानोची सोयरीक सतारीशी जुळत नव्हती, ती तबल्याशी जुळली. माझ्या मते या अल्बमचं सगळ्यात मोठं शहाणपण हेच आहे.

शेवटच्या ट्रॅकच्या नावाबद्दल दोन शब्द. ब्रिगाख ही फिलिंगनमधून वाहणारी छोटी नदी. पुढे डोनाउएशिंगनपाशी ती ब्रेग नावाच्या दुसऱ्या नदीला मिळते, आणि तिथून पुढे त्या पाण्याला डॅन्यूब म्हणतात. म्हणजे गावातली नदी आणि गंगा. आपल्याकडे कुणी ‘खाम आणि मिसिसिपी’ असं नाव द्यावं तसं! त्यात थोडी गंमत आहे, थोडा नम्रपणाही. जर्मनांनी आपली मोठी नदी गंगेसमोर उभी केली नाही, अंगणातली केली.

सगळंच जमलंय का?

नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर काही जागी दोन गट शेजारी शेजारी चालतात, एकमेकांत येत नाहीत. भारतीय तिघे आपलं मांडतात, मग जॅझवाले आपलं. पंगतीत दोन वेगळ्या गावची माणसं बसावीत तसं : जेवण एक, गप्पा वेगळ्या. आणि ‘जॅझ भारताला भेटतो’ या नावातच एक गडबड आहे. भेटायला निघालेला जॅझ, आणि भारत म्हणजे जणू एका जागी बसून वाट बघणारा. प्रत्यक्षात लंडनहून प्रवास करून आले होते ते मोतीहार, साठे आणि ठाकूर.

पण मला हा अल्बम आवडतो तो याच कारणासाठी. आजकाल फ्यूजन म्हटलं की सगळं गुळगुळीत असतं. खाली बीट, वर थोडी सतार, मधे एक आलाप, आणि चार मिनिटांत संपलं. कुणालाच कुणासाठी काही सोडावं लागत नाही. इथे मात्र अडचण झाकलेली नाही. दोन गंधार एकमेकांना खटकतात आणि ते तसेच ठेवलेत. आवर्तन आणि मुक्त लय भांडतात, आणि भांडता भांडता मधेच काही क्षण असे येतात की आठही जण एकाच जागी पोचतात. ते क्षण आधी लिहिलेले नसतात, म्हणून ते ऐकताना अंगावर येतात.

मग हा अल्बम मागे का पडला?

मला तीन कारणं दिसतात. एक, १९६७ हे सतारीचं वर्ष होतं. जूनमध्ये अमेरिकेत माँटेरीला पंडित रविशंकर वाजले, बीटल्सच्या नव्या अल्बमवर भारतीय वाद्यं होती. त्या गर्दीत हा अल्बम फॅशनचा भाग समजला जाणं सोपं होतं. दोन, जॅझवाल्यांना तो फार भारतीय आणि भारतीय संगीतवाल्यांना फार जॅझ. तीन, श्वायत्सर स्वतः पुढे निघून गेल्या. १९७७ साली लंडनमध्ये ‘फेमिनिस्ट इम्प्रोव्हायझिंग ग्रुप’ हा फक्त बायकांचा गट उभा राहिला, त्यात त्या सामील झाल्या. झुरिकमध्ये ‘इंटाक्ट’ हे रेकॉर्ड लेबल सुरू झालं, त्याच्या पहिल्या कामांत त्यांचं रेकॉर्डिंग होतं. त्यांचं नाव मोठं झालं ते या पुढच्या कामावर. आणि एक गंमत बघा : पुढे त्यांनी एकेका ड्रमरसोबत दोघांचेच अल्बम केले. लुई मोहोलो, गुंटर झोमर, अँड्र्यू सिरील, पिएर फाव्र, हान बेनिंक. पियानो आणि तालवाद्य, बस्स. फिलिंगनमध्ये तबल्याशी जुळलेली सोयरीक ऐकून मग हे अल्बम ऐका, सलग वाटतात.

साठे लंडनमध्येच वाजवत राहिले. १९७२ साली ‘मॅजिक कार्पेट’ या गटाच्या अल्बमवर त्यांचा तबला आहे. १९७७ साली गिटारवादक जॉन रेनबर्न यांच्या ‘अ मेड इन बेडलम’ या अल्बमवरही. त्यात तर जुनी इंग्रजी लोकगीतं आहेत, आणि खाली तबला. आपल्या वाद्याची जागा दुसऱ्यांच्या घरात शोधत हा माणूस आयुष्यभर फिरला. २०१२ साली ते गेले. श्वायत्सर जुलै २०२४ मध्ये गेल्या, वयाच्या ८३व्या वर्षी.

आपण काय करायचं?

एक छोटीशी गोष्ट. जुन्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला सगळ्यांची नावं छापलेली असायची. बासवर कोण, तबल्यावर कोण, तंबोऱ्यावर कोण. हातात कव्हर असायचं, नजर जायचीच. फोनवर तसं होत नाही. चौकोनी चित्र, खाली एक-दोन ठळक नावं, आणि पुढचं गाणं सुरू. साथीदारांची नावं कुठेतरी आत दडलेली, नाहीतर नसतातच. तबलजी हा आपल्याकडे तसाही साथीदार, त्यात परदेशी रेकॉर्डवरचा. त्याचं नाव पुसलं जायला वेळ लागत नाही. ते टिकतं ते ऐकणाऱ्यांच्या तोंडी.

म्हणून हा अल्बम कुणाला पाठवाल, तेव्हा नुसती लिंक टाकू नका. सोबत आठ नावं लिहा : इरेन श्वायत्सर, उली ट्रेप्टे, मानी नॉयमायर, मानफ्रेड शूफ, बार्नी विलेन, दिवाण मोतीहार, केशव साठे, कुसुम ठाकूर. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी होतात.

आणि तबला वाजवणारा कुणी मित्र असेल, क्लासला जाणारी कुणी बहीण असेल, तर त्यांना आधी ऐकवा. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांना जे सापडेल, ते मला कळवा. कमेंटमध्ये लिहा किंवा व्हॉइस नोट पाठवा. समेची एखादी चांगली जागा सापडली तर मिनिट आणि सेकंदासकट पाठवा, पुढच्या एपिसोडला आपण ती सगळे मिळून ऐकू.

भेटूया. काळजी घ्या, आणि आवाज बेताचा ठेवा.